पलसाण्याचे रंग

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राजमार्ग तुंगारेश्वराची डोंगरओळ मागे टाकून मनोर, चारोटी, तलासरी असा वारली बांधवांच्या मुलखातून उत्तरेस जातो. अच्छाडच्या नाक्यावर महाराष्ट्राची हद्द संपते आणि मग एकामागून एक नद्या आडव्या येऊ लागतात. वापीपाशी दमणगंगा, पारडीजवळ पार, वलसाडला औरंगा, चिखलीला कावेरी, पुढे अंबिका आणि नवसारीला पूर्णा. साऱ्या सह्याद्रीच्या लेकी. साऱ्या पश्चिमेच्या समुद्राला भेटायला निघालेल्या. पूर्णा ओलांडल्यावर थोड्याच वेळात मिंढोळा नदीचे खोरे लागते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची दाट शेते दिसू लागतात आणि त्या हिरव्या उसाच्या मागे उंच धुराडी उभी राहतात. हेच पलसाणा.

पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्य गाव. सुरत शहर येथून वीसपंचवीस किलोमीटरांवर. पूर्वेस बारडोली आहे. १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली जेथील शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरण्यास नकार दिला, तीच ही बारडोली. या भागात काकरापारच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, सहकारी साखर कारखाने निघाले. तालुक्यातील चलथाण येथेही असा एक कारखाना आहे. ऊसतोडीच्या दिवसांत डांग, नंदुरबार, धुळे या भागांतील कुटुंबे कोयता आणि लेकरे घेऊन येथे येतात व शेताच्या बांधावर पाल ठोकून राहतात.

पलसाण्याची खरी ओळख मात्र त्याच्या चौफुलीत आहे. अहमदाबादेचा राजमार्ग येथे दुसऱ्या एका राजमार्गाला छेद देतो. तो दुसरा मार्ग खानदेशातून, धुळे, नवापूर, व्यारा, बारडोली असा येतो आणि सचिनवरून हजीऱ्याच्या समुद्रकिनाऱ्याकडे जातो. हजीऱ्याला पेट्रोरसायनांचे प्रचंड कारखाने आहेत. पॉलिएस्टरचा धागा ज्यापासून निघतो, तो माल तेथे तयार होतो. म्हणजे एका टोकाकडून खनिज तेलाचा धागा येतो, दुसऱ्या टोकाकडून खानदेशच्या कोरडवाहू गावांतले हात येतात, आणि या चौफुलीच्या आसपास दोहोंची गाठ पडते. त्या गाठीतून जे बाहेर पडते, ती आपल्या घरोघरची साडी.

वाचक भगिनींनी आपले कपाट उघडून पाहावे. गेल्या दहा वर्षांत लग्नाकार्यांत मिळालेल्या साड्यांपैकी कितीतरी सुरतेकडच्या निघतील. सुरत आणि कापड यांचे नाते जुने आहे. मोगलांच्या काळी येथील बंदरातून सुती व रेशमी वस्त्रे देशोदेशी जात. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन संघाचे फादर आंब्रोझ यांच्या मठाला त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नमूद करून ठेवले आहे. दीनदुबळ्यांची सेवा करणारा परधर्मीय संन्यासीही त्या राजाला वंदनीय वाटला, हे आपण ख्रिस्ती मराठी माणसांनी कृतज्ञतेने स्मरावे. त्या काळची सुरतेची वस्त्रे कापसाची आणि रेशमाची होती. नीळ व मंजिष्ठ यांसारखे रंग वनस्पतींपासून निघत. आजचे सुरती कापड बहुतांशी पॉलिएस्टरचे आहे. इंग्लंडमधील विनफील्ड आणि डिक्सन या दोघा संशोधकांनी १९४१ साली हा धागा शोधून काढला. आज जगात जितके धागे तयार होतात, त्यांत निम्म्याहून अधिक वाटा या एकट्याचा आहे.

पलसाणा, कडोदरा, सचिन, पांडेसरा या पट्ट्यात रंगाई-छपाईचे कारखाने आहेत. मागावरून उतरलेले कोरे कापड, ज्याला तेथे 'ग्रे' म्हणतात, ते ट्रकांनी येथे येते आणि रंगून परत बाजारात जाते. अशाच एका कारखान्याचे डाइंग मास्तर मूळचे जळगावकडचे निघाले आणि त्यांनी मोठ्या आपुलकीने मला सारे हिंडवून दाखवले.

आत पाऊल टाकताच पहिल्याने जाणवते ती वाफ. पॉलिएस्टर हा हट्टी धागा आहे. साध्या गरम पाण्यात तो रंग घेत नाही. म्हणून 'जेट' नावाच्या बंद यंत्रात, दाबाखाली, सुमारे १३० अंश सेल्सियसच्या पाण्यात ताक्यांची दोरी करून फिरवावी लागते. त्यासाठी बॉयलर हवा, बॉयलरसाठी कोळसा हवा. रंग चढल्यावर वर राहिलेला सुटा रंग धुऊन काढावा लागतो. रंग जितका गडद, तितकी रंगद्रव्ये अधिक आणि मागाहूनचे धुणेही अधिक. काळी साडी आणि फिकट गुलाबी साडी दुकानात एकाच किमतीची असली, तरी पाण्याच्या हिशेबात त्यांची किंमत एक नसते.

दुसरी गोष्ट मला अधिक विस्मयकारक वाटली. आपल्याला साडी रेशमासारखी मऊ, अंगावरून ओघळणारी हवी असते. पॉलिएस्टर मुळात तसे नसते. म्हणून ते कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात घालून त्याचा वरचा थर खाऊ देतात. कापडाच्या वजनाचा दहावा, कधी पाचवा हिस्सा अशा रीतीने विरघळून जातो. म्हणजे तेल जाळून, यंत्रे चालवून जो धागा तयार केला, त्यातला एवढा भाग केवळ स्पर्श मुलायम व्हावा म्हणून पाण्यात सोडून द्यायचा, आणि ते पाणी शुद्ध करण्यासाठी पुन्हा खर्च करायचा!

मी मास्तरांना विचारले, "हे कमी करता येणार नाही का?"

ते हसून म्हणाले, "फादर, कापड आमच्या दारात येईपर्यंत सगळे ठरलेले असते. धागा कोणता, रंग कोणता, किती मऊ, किती काम, हे बाजारात ठरते. आम्ही फक्त पाणी आणि कोळसा खर्च करतो."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. वस्तूचे पापपुण्य कारखान्याच्या गटारापाशी ठरत नाही. ती वस्तू प्रथम ज्याच्या मनात आकार घेते, जो कागदावर तिचा नमुना काढतो आणि जो तो नमुना पसंत करतो, त्यांच्यापाशी ते ठरते. गटारापाशी केवळ हिशेब दिसतो.

तो हिशेब निस्तरण्याचे प्रयत्न या भागात झालेले आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. पलसाण्याला अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र आणून शुद्ध करणारे सामायिक केंद्र आहे. तेथे पाण्यातील रंग व गाळ खाली बसवतात, हवा खेळवून सूक्ष्म जंतूंकडून उरलेली घाण खाववतात, आणि साठलेला गाळ वेगळा काढून त्याची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. सुरत महानगरपालिकेने २०१४ साली बमरोली येथे शहराचे मैलापाणी पुरतेपणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देण्यास आरंभ केला. त्याची क्षमता रोज चार कोटी लिटरांची. शहराने टाकलेले पाणी कारखान्याने वापरावे, म्हणजे तेवढे तापीचे पाणी पिण्यासाठी उरते. ही कल्पना आपल्या नगरपालिकांनीही अभ्यासण्यासारखी आहे.

धुराड्यांसाठी तर सुरतेत एक अभिनव प्रयोग झाला. गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली, काही परदेशी विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने, धुराच्या कणांचा एक बाजारच उभा केला. धुराड्यांवर सतत मोजणी करणारी यंत्रे बसवली आणि सर्व कारखान्यांनी मिळून किती कण सोडावेत याची मर्यादा ठरवून दिली. जो आपल्या वाट्यापेक्षा कमी सोडील, त्याने आपला उरलेला परवाना दुसऱ्यास विकावा. जो जास्त सोडील, त्याने तो विकत घ्यावा. हवेतील कणांसाठी असा बाजार जगात प्रथम येथे भरला. त्याचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या योजनेत घेतलेल्या कारखान्यांचे कण इतर कारखान्यांच्या मानाने वीस ते तीस टक्क्यांनी घटले. धूर फुकट नाही हे हिशेबाच्या वहीत दिसू लागताच मालकांची बुद्धीही त्या दिशेने चालू लागली.

परंतु टाकाऊ पदार्थ एकदा निर्माण झाला की तो कोठे ना कोठे जाणारच, आणि जेथे पहारा ढिला असेल तेथे तो गरिबाच्या दाराशी जातो. ६ जानेवारी २०२२ हा दिवस. आपण त्या दिवशी तीन राजांचा सण पाळतो. त्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक टाकाऊ द्रव चोरून नाल्यात सोडले जात होते. त्यातून विषारी वायू उठला. शेजारच्या रंगाई कारखान्यातील सहा कामगार मेले. अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. ज्यांनी ते द्रव निर्माण केले नाही, ज्यांना त्यापासून दमडीचा लाभ नव्हता, त्यांनी आपल्या श्वासाने त्याची किंमत चुकवली. पलसाण्याहून हजीऱ्याच्या रस्त्याने जाताना सचिन लागते. तेथे मी क्षणभर थांबून त्या सहा जिवांसाठी प्रार्थना केली.

संध्याकाळी कडोदऱ्याच्या एका चाळीत गेलो. नवापूरकडचे एक ख्रिस्ती कुटुंब तेथे एका खोलीत राहते. नवरा छपाईच्या कारखान्यात पाळी करतो. बायको घरी बसून साड्यांवर चकचकीत खडे चिकटवते. साडीमागे ठरलेले पैसे मिळतात. खोलीत डिंकासारख्या चिकट द्रव्याचा उग्र वास भरला होता. एका बाजूस रंगीबेरंगी साड्यांची चळत आणि आढ्याला बांधलेल्या झोळीत चार महिन्यांचे मूल. झोळी मात्र मळखाऊ, विटक्या रंगाच्या सुती कापडाची.

मी सहज विचारले, "बाई, घरात एवढ्या साड्या, मग झोळी या जुन्या कापडाची का?"

ती म्हणाली, "नाही फादर, ही साडी झोळीला चालत नाही. घाम टिपत नाही, लेकराचं अंग उकडतं. हे माझ्या आईचं लुगडं आहे. मोठ्याची झोळी पण ह्याचीच होती."

शिकलेल्या नमुनाकारांनी ऐकावे असे हे बोलणे होते. वस्तू चांगली की वाईट हे ओळखण्यासाठी तिला चार प्रश्न विचारावेत. तू कशापासून झालीस? तुला घडवताना काय खर्ची पडले? तू किती दिवस टिकशील? आणि तुझे काम संपल्यावर तुझे काय होईल? आपल्या आजीचे सुती लुगडे या चारही प्रश्नांना ताठ मानेने उत्तर देत असे. ते शिवावे लागत नसे, म्हणून कातरीखाली एक बोटही वाया जात नसे. जाडी बाई नेसो की बारीक, थोरली नेसो की धाकटी, माप एकच. नेसून विरले की त्याचे दुपटे होई, झोळी होई, लंगोट होत. त्यांतून उरलेले थर एकावर एक घालून घरच्या बायका गोधडी शिवत. गोधडी फाटली की पोतेरे, आणि पोतेरे कुजले की माती. चाळीस वर्षांच्या त्या प्रवासात कोठेही त्या वस्त्राचे ओझे पृथ्वीला झाले नाही. ज्याने प्रथम ते मागावर लावले, त्याने हे सारे शेवटपर्यंत पाहिले होते.

पॉलिएस्टरची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. भर पावसात काम करणाऱ्या शेतकरीण बाईला ही साडी सोयीची पडते. ती लवकर वाळते, इस्त्री मागत नाही, वर्षानुवर्षे फाटत नाही आणि गरिबाला परवडते. कापूसही सर्वस्वी निर्दोष नाही. त्यालाही पाणी लागते, त्यावरही औषधे फवारली जातात. या भागातील लक्षावधी घरांच्या चुली याच धाग्यावर पेटतात. प्रश्न आहे तो नमुन्याचा. जो धागा शंभर वर्षे कुजत नाही, त्याची वस्तू दोनदा नेसून टाकण्यासाठी का घडवावी?

सुधारणेचे मार्ग आज माहीत झालेले आहेत. धागा ओतण्याच्या वेळीच वितळलेल्या द्रव्यात रंग मिसळला, तर पुढे कापड रंगवण्याचे पाणी जवळजवळ वाचते. पाण्याऐवजी दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वायू वापरून रंग चढवण्याची यंत्रेही निघाली आहेत. साडी एकाच जातीच्या धाग्याची असली, तर ती पुन्हा वितळवून किंवा पिंजून नवा धागा करता येतो. पॉलिएस्टरवर जर, जरीवर खडे, खड्यांखाली डिंक अशी रचना केली, की ती कोणालाच सोडवता येत नाही. पानिपतच्या कारखान्यांत जगभरचे जुने कपडे पिंजून त्यांची कांबळी विणतात. तेथे कापड धाग्यांच्या आणि रंगांच्या जातीनुसार निवडत बसावे लागते, आणि जेथे बटणे, चेन, टिकल्या आहेत तेथे प्रथम त्या कापून काढाव्या लागतात. जो खडा कडोदऱ्याच्या चाळीत एका आईने चिकटवला, तोच पुढे कोठेतरी दुसऱ्या आईने कातरीने काढायचा. मध्ये तो किती वेळा चमकला?

हा विचार आपल्या देशाला नवा नाही. तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबनीसाचे शिक्षण घेऊन आले आणि पुढे गांधीजींच्या सांगण्यावरून वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करू लागले. त्यांनी तुरुंगात असताना चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. तो १९४५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. निसर्गाची काही संपत्ती साठवलेल्या हौदासारखी आहे, ती उपसली की संपते. काही वाहत्या झऱ्यासारखी आहे, ती जपून वापरली तर पिढ्यान्‌पिढ्या पुरते, असा भेद त्यांनी शिकवला. तेल, कोळसा हा हौद. कापूस, लाकूड, माणसाचे कष्ट हा झरा. सत्तर वर्षांनी, २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात तीच चिंता साऱ्या जगापुढे मांडली. वनात पडलेले पान दुसऱ्याचे अन्न होते, माणसाच्या कारखान्यातून निघालेला कचरा मात्र कोणाचेच अन्न होत नाही. आणि ज्या संस्कृतीला वस्तू टाकण्याची सवय लागते, तिला माणसे टाकण्याचीही सवय लागते, हे त्या शिकवणीचे सार आहे. सचिनचे सहा कामगार आठवले की हे शब्द केवळ पुस्तकी राहत नाहीत.

संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूच्या अंगरख्याची गोष्ट आहे. त्याला शिवण नव्हती. तो वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता. क्रुसाखाली बसलेले सैनिक काही कोमल मनाचे नव्हते. तरी तो फाडून वाटून घेण्यास त्यांचा हात धजेना आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. परंपरा सांगते की तो आपल्या पवित्र मातेने विणला होता. असे असो वा नसो, मन लावून आणि शेवटपर्यंतचा विचार करून घडवलेल्या वस्तूपुढे निर्दय माणूसही क्षणभर थबकतो. त्याच शुभवर्तमानात पाच हजारांना जेवू घातल्यानंतर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले. जो भाकरी वाढवू शकत होता, त्याला तुकड्यांची काय पर्वा असावी? पण त्याला होती.

आता आपल्या घराकडे वळू या. नमुना बाजारात ठरतो असे मास्तर म्हणाले. पण बाजार म्हणजे कोण? बाजार म्हणजे आपण. आपल्या लग्नांत मानपानाच्या साड्या देण्याची रीत आहे. मावशीला, आत्याला, वरमाईच्या जावांना, नणंदांना, शेजारणींना. एकेका लग्नात तीस-तीस, चाळीस-चाळीस साड्या गठ्ठ्याने आणतात. देणारीलाही ठाऊक असते की घेणारी ती नेसणार नाही. घेणारीही ती घडी न मोडता पुढच्या लग्नात दुसरीला देते. अशी एकेक साडी पाच-पाच कपाटांत फिरून आलेली मी ऐकली आहे. नेसण्यासाठी नव्हे, तर केवळ देण्यासाठी घडवलेली वस्तू! तिच्यासाठी पलसाण्याला कोळसा जळाला, तिच्यासाठी पाणी काळे झाले, आणि तिच्यासाठी त्या आईने झोळीशेजारी बसून डिंकाचा वास घेतला. आणि तीसचाळीस साड्यांसाठी वधूपित्याने कर्ज काढले असेल, ते वेगळेच.

माझी धर्मग्रामातील कुटुंबांना नम्र सूचना आहे. लग्नाच्या चिठ्ठ्या वाचण्यासाठी नावे देण्यास जेव्हा दोन्ही घरची वडीलधारी मंडळी येतील, तेव्हाच मानपानाचा विषय दोघांनी मिळून संपवावा. द्यायचेच असेल, तर ज्या दोघी-तिघी खरोखर नेसतील, त्यांना त्यांच्या पसंतीचे एकेक टिकाऊ वस्त्र द्यावे. हातमागाचे मिळाले तर फारच उत्तम. दुकानात गेल्यावर दुकानदाराला विचारावे, हा धागा कोणता, यावरचे काम टिकेल का. दहा गावांतील बायकांनी हे विचारले, की अकरावा प्रश्न दुकानदार स्वतःच व्यापाऱ्याला विचारील आणि व्यापारी नमुनाकाराला. आमच्या महिला मंडळांनी गोधडी शिवण्याची कला मुलींना शिकवावी. जुन्या आयांच्या बोटांत ती अजून आहे, पण फार दिवस राहणार नाही. आणि देवळाच्या सजावटीतही सणाच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जाणारे चमकते पडदे व प्लास्टिकची फुले यांना आपण निरोप द्यावा. वेदीवर बागेतले फूल परमेश्वराला अधिक शोभते. ते सुकले की त्याच बागेचे खत होते.

पलसाण्याच्या चौफुलीवर रात्रंदिवस ट्रक वाहत असतात. त्यांतील कोणता ट्रक कोणाच्या लग्नासाठी निघाला आहे, हे चालकाला ठाऊक नसते. आपल्याला मात्र ठाऊक असते. येत्या लग्नसराईत आपल्या अंगणात जी गाठोडी उतरतील, ती मोजताना कडोदऱ्याच्या खोलीतले ते झोळीतले मूल एकवार आठवावे, आणि त्याच्या आईच्या कष्टांना शोभेल असेच काहीतरी निवडावे.